विद्यार्थ्यांची गीतचित्रफीत आणि तिचे संकलन

(बीड जिल्ह्यातील शिक्षक, विस्तार अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



बीड जिल्ह्यात पावसाची वानवा अनेकदा झाली, गाण्याची कधीच झाली नाही. अंबाजोगाईला मुकुंदराजांची आणि दासोपंतांची समाधी आहे, कपिलधारला मन्मथस्वामींची आहे. गावोगावचे हरिनाम सप्ताह, तांड्यांवरील बंजारा स्त्रियांची गीते, गोंधळ्यांचे संबळ, भीमजयंतीची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या यांनी हा बालाघाटाचा परिसर शतकानुशतके निनादत राहिलेला आहे. त्यामुळे या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या हाती भ्रमणध्वनीच्या रूपाने कॅमेरा आला तेव्हा त्यांनी सर्वप्रथम गाणीच चित्रित केली, यात नवल वाटण्याचे कारण नाही. स्नेहसंमेलन, सावित्रीबाई फुले जयंती, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन अशा निमित्ताने आज शाळा-महाविद्यालयांतून तीन-चार मिनिटांच्या गीतचित्रफिती तयार होत असतात. विद्यार्थ्यांचा उत्साह दांडगा असतो आणि चित्रीकरणाला वेळही मिळतो. परंतु संकलनासाठी मात्र कार्यक्रमाची आदली रात्र तेवढी उरते! ज्या शिक्षकांनी स्नेहसंमेलनाची जबाबदारी सांभाळली आहे, त्यांना या रात्रीचे वर्णन करून सांगावयास नको.

वास्तविक गीतचित्रफितीचे सारे भलेबुरे संकलनात ठरते. कोणाचा चेहरा राहणार, कोणाचा जाणार, कोणती ओळ अर्ध्यावर तुटणार, गाव कसे दिसणार, हे निर्णय त्या एका रात्री एखादा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी घेत असते. म्हणून या कामाचा विचार केवळ तांत्रिक करामत म्हणून न करता शिक्षणाचा एक भाग म्हणून होणे अगत्याचे आहे.

मराठी चित्रपटाच्या इतिहासात गाण्याचे संकलन हा प्रश्न आरंभापासूनच उभा होता. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला. त्या काळात नटाला कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गावे लागे आणि वाजंत्री मंडळींना चित्रचौकटीच्या बाहेर कोठेतरी दडून बसावे लागे. चित्र आणि आवाज एकाच वेळी नोंदले जात असल्याने गाण्याच्या मध्येच चित्र कापणे अवघड होते. १९३५ पासून हिंदी व बंगाली चित्रपटांत पार्श्वगायनाची पद्धत आली आणि क्रम उलटा झाला. गाणे आधी ध्वनिमुद्रित करावयाचे, ते चित्रीकरणस्थळी वाजवावयाचे आणि नटाने त्याबरहुकूम ओठ हलवावयाचे. या एका बदलामुळे संकलकाचे हात मोकळे झाले. गाणे अखंड राहून चित्र हवे तेथे बदलता येऊ लागले. आज शाळेच्या मैदानावर ध्वनिवर्धकावर गाणे लावून मुले नाचतात आणि मैत्रीण ते टिपते, तेव्हा ती नकळत १९३५ सालची हीच पद्धत अनुसरत असते.

फिल्मच्या जमान्यात सेकंदाला २४ चौकटी आणि एका फुटात १६ चौकटी असा हिशेब होता. तीन मिनिटांचे गाणे म्हणजे २७० फूट फिल्म आणि ४,३२० चौकटी. कात्री चालविण्यापूर्वी संकलकाला विचार करावा लागे, कारण कापलेला तुकडा पुन्हा जोडणे शक्य असले तरी ते किचकट काम होते. नको असलेले तुकडेही टाकून दिले जात नसत, त्यांना खुणेच्या चिठ्ठ्या लावून ते टांगून ठेवीत. १९६० मध्ये केंद्र सरकारने प्रभातच्याच पुण्यातील जागेत चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू केली. तेथे संकलन हा स्वतंत्र अभ्यासक्रम म्हणून शिकविला जाऊ लागला, यावरून या कलेचे महत्त्व ध्यानात यावे. आता बोटाच्या एका स्पर्शाने चित्र कापता येते आणि दुसऱ्या स्पर्शाने कायमचे पुसताही येते. सोय मोठीच झाली, पण तिच्यात एक धोका आहे. त्याचा उल्लेख पुढे येणारच आहे.

प्रथम लयीविषयी. नवख्या संकलकाला ठेका ऐकू आला की प्रत्येक मात्रेवर चित्र बदलण्याचा मोह होतो. समजा, गाण्याची लय मिनिटाला १०० मात्रांची आहे आणि चित्रफीत सेकंदाला २५ फ्रेमची आहे. म्हणजे एक मात्रा बरोबर १५ फ्रेमची झाली. प्रत्येक मात्रेवर चित्र बदलले तर तीन मिनिटांत ३०० वेळा चित्र बदलेल आणि कोणताही चेहरा पाऊण सेकंदसुद्धा पडद्यावर टिकणार नाही. नाचणाऱ्या मुलीची आई मुलीला शोधत राहील! तेच आठ मात्रांच्या केरव्याचे आवर्तन घेतले तर ते १२० फ्रेमचे, म्हणजे सुमारे पावणेपाच सेकंदांचे होते. समेवर चित्र बदलले की डोळ्याला विसावा मिळतो आणि कानालाही ते पटते. भजनी मंडळात टाळ धरणाऱ्या मुलाला सम कोठे येते हे शिकवावे लागत नाही. गावात टाळ-मृदंग जाणणारी मंडळी असतातच. संकलनाच्या वेळी त्यांपैकी एखाद्याला शेजारी बसविले तर संगणकाच्या जाणकाराइतकाच त्याचा उपयोग होतो. अर्थात नेहमी समेवरच कापावे असाही नियम नाही. शब्द अर्ध्यात असेल तर तो पुरा होऊ द्यावा आणि मग पुढे जावे.

ओठ आणि शब्द जुळत नाहीत, ही शाळांतील चित्रफितींबाबतची नेहमीची तक्रार. तिची कारणे साधी आहेत. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. ध्वनिवर्धक मैदानाच्या एका टोकाला आणि मुले ३४ मीटर दूर असली, तर गाणे त्यांच्या कानी एक दशांश सेकंद उशिरा पोहोचते. म्हणजेच त्यांचे ओठ मूळ गाण्याच्या दोन-अडीच फ्रेम मागे राहतात. संकलन करताना ते चित्र तितके अलीकडे ओढले की दोष जातो. ध्वनिवर्धक मुलांजवळ ठेवला तर तेवढेही करावे लागत नाही. दुसरे कारण असे की, अनेक भ्रमणध्वनी उजेड कमी झाला की फ्रेमचा वेग आपोआप बदलतात. आरंभी जुळलेले ओठ त्यामुळे शेवटच्या कडव्यापर्यंत मागेपुढे होतात. अशा वेळी संकलनापूर्वी चित्रफीत एकसारख्या वेगात रूपांतरित करून घ्यावी. चित्रीकरणाच्या आरंभी आणि शेवटी अशा दोन्ही वेळी एकेक टाळी वाजवून ठेवावी. पहिली टाळी जुळली आणि शेवटची जुळली नाही, तर दोष कोठे आहे हे ताबडतोब कळते.

दिशेचा एक नियमही येथे सांगितला पाहिजे, कारण या जिल्ह्यात त्याला वेगळाच अर्थ आहे. रस्त्याच्या एका बाजूने टिपलेली बैलगाडी डावीकडून उजवीकडे जाताना दिसत असेल, तर दुसऱ्या बाजूने टिपलेली तीच गाडी उजवीकडून डावीकडे जाताना दिसते. ही दोन चित्रे एकापाठोपाठ जोडली की पाहणाऱ्याला वाटते, गाडी परत फिरली. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघालेल्या कुटुंबांवर एखाद्या विद्यार्थ्याने गीत केले आणि त्यात हा दोष राहिला, तर निघालेली माणसे पडद्यावर घरी परतलेली दिसतील. ज्या घरी आईबापांची वाट पाहत आजीजवळ मूल राहिलेले असते, त्या घरी ही चूक केवळ तांत्रिक राहत नाही.

स्थलांतराचा परिणाम चित्रीकरणाच्या वेळापत्रकावरही होतो. सप्टेंबरात सुरू केलेल्या चित्रफितीतील निम्मी मुले नोव्हेंबरात फडावर गेलेली असतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत येत नाहीत. हंगामी वसतिगृहांमुळे, तसेच २०२१ साली मंजूर झालेल्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेमुळे काही मुले मागे राहू शकतात. परंतु सर्वांनाच ते शक्य होते असे नाही. मग संकलकापुढे प्रश्न उभा राहतो की, गेलेल्या मुलाचे अपुरे चित्रण वगळावयाचे की राखावयाचे? सोयीचा मार्ग वगळण्याचा आहे. तथापि, पहिल्या कडव्यात दिसलेला मुलगा दुसऱ्या कडव्यात दिसत नाही आणि त्याची बाकावरची जागा रिकामी दिसते, एवढे प्रामाणिकपणे राहू दिले तर ती चित्रफीत या जिल्ह्याचे वास्तव दहा भाषणांहून अधिक परिणामकारकपणे सांगेल.

याच्याशी निगडित असा एक मुद्दा आहे. रशियातील चित्रपट शिक्षक लेव कुलेशोव यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी एक प्रयोग केला होता. एकाच नटाचा निर्विकार चेहरा त्यांनी वेगवेगळ्या चित्रांशेजारी जोडला. ताटलीतील सूप दाखविल्यावर लोकांना त्या चेहऱ्यावर भूक दिसली आणि शवपेटी दाखविल्यावर दुःख दिसले. चेहरा मात्र तोच होता. बीड जिल्ह्यातील एखाद्या वृद्धेच्या चेहऱ्याशेजारी भेगाळलेल्या जमिनीचे चित्र जोडले की ती दुष्काळाची बळी ठरते. तिच्या शेजारी शाळेत निघालेली नात जोडली की तोच चेहरा अभिमानाचा होतो. खेदाची गोष्ट अशी की, आपल्याच जिल्ह्याची चित्रफीत करताना येथील विद्यार्थीसुद्धा इंटरनेटवरून भेगाळलेल्या जमिनीची परक्या मुलखातील छायाचित्रे उतरवून घेतात आणि ती मधूनमधून जोडतात. दुष्काळ खोटा नाही. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे आणि त्यानंतरचीही अनेक वर्षे कठीण गेली आहेत. पण दाखवावयाचाच असेल तर तो आपल्या शिवारातला, आपल्या विहिरीतला दाखवावा. कोरड्या बारवेच्या पायऱ्यांवर अभ्यास करणारी मुलगी एखाद्या विद्यार्थ्याला दिसली, तर तिचे चित्र कोणत्याही उसन्या छायाचित्रापेक्षा मोलाचे आहे.

शेजारच्या जिल्ह्यांतील एक उदाहरण येथे देणे उचित होईल. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे नागराज मंजुळे अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाचे विद्यार्थी होते. त्या अभ्यासातून त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या एका मुलाची ती गोष्ट होती. २०१० सालच्या चित्रपटांसाठीच्या ५८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत या लघुपटाचा गौरव झाला. पुढे २०१६ मध्ये त्यांच्या 'सैराट'मधील अजय-अतुल यांच्या गाण्यांवर अवघा महाराष्ट्र नाचला. त्या चित्रपटाचे संकलन कुतुब इनामदार यांनी केले होते. 'सैराट'मधील गाण्यांवर नाचाच्या चित्रफिती करणाऱ्या मुलांना 'पिस्तुल्या' दाखविणे फायद्याचे ठरेल. आपल्या जवळच्या माणसांकडे पाहण्याची सवय आधी लागते आणि भव्य चित्रण नंतर येते, हे त्यावरून त्यांच्या लक्षात येईल.

आता बीड जिल्ह्यातीलच एका मौल्यवान ठेव्याकडे वळावयास हवे. हेमा राईरकर आणि गी पॉईटव्हिन या संशोधक जोडप्याने महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित केल्या. पुढे ध्वनिमुद्रणाच्या कामी बर्नार्ड बेल यांचे त्यांना साहाय्य झाले. १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरमधील स्त्रियांनी गायिलेल्या ओव्या या उपक्रमात ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीच्या ओव्या विपुल आहेत. ज्या स्त्रियांना अक्षरओळखीची संधी मिळाली नव्हती, त्यांनी त्या महापुरुषाचे चरित्र आपल्या गळ्यात जपले होते. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळावर हा संग्रह क्रमाक्रमाने प्रसिद्ध होऊ लागला. कोण गायले, कोणत्या गावी गायले, केव्हा गायले, याच्या नोंदी त्यासोबत आहेत. कार्यकर्त्यांनी पुढे अनेक गायिकांना पुन्हा भेटून त्यांची छायाचित्रे आणि चित्रफितीही घेतल्या.

वीस-बावीस वर्षांनंतर त्या ओव्या लोकांपुढे येऊ शकल्या, याचे कारण मूळ ध्वनिमुद्रणे काटछाट न करता जशीच्या तशी जतन झाली होती. समजा, १९९६ मध्ये कोणी त्यांतील अर्धा मिनिट निवडून उरलेले पुसून टाकले असते, तर माजलगावच्या त्या ओव्यांपैकी आज किती उरल्या असत्या? विद्यार्थ्यांच्या बाबतीत आज नेमके हेच घडते. मुलगी आजीसमोर भ्रमणध्वनी धरते. आजी पाऊण तास गाते. चित्रफीत तीन मिनिटांची होते. भ्रमणध्वनीची साठवण भरली की उरलेली बेचाळीस मिनिटे पुसली जातात. घरोघरी पिठाची गिरणी पोहोचल्यापासून जाते कोपऱ्यात गेले आहे आणि ओव्या येणाऱ्या स्त्रिया आता वृद्ध आहेत. पुढच्या वर्षी पुन्हा गाऊन घेऊ, या भरवशावर राहण्यासारखी परिस्थिती नाही.

ओवीचे संकलन इतर गाण्यांहून निराळे असते. ती आधी ध्वनिमुद्रित करून मग वाजविली जात नाही. गळा आणि हात एकाच वेळी चालतात. एकीने ओवी धरावयाची, दुसरीने झेलावयाची, मध्येच 'बाई', 'गं' अशी भर पडावयाची, मूठभर दाणे जात्याच्या तोंडात टाकताना गाणे क्षणभर थबकावयाचे, हा तिचा स्वभाव आहे. नवखा संकलक ही थबकलेली जागा रिकामी समजून कापतो आणि मग ओव्या एकीवर एक आदळू लागतात. तेथे श्वास आहे, काम आहे, पुढच्या ओवीची जुळवाजुळवही आहे. खुंट्याचा एक फेरा पुरा झाला की चित्र बदलावे. फेरा अर्ध्यावर तोडला तर हात उडी मारल्यासारखा दिसतो. आरंभी जात्याची घरघर अंधाऱ्या पडद्यावर दोन-तीन सेकंद ऐकू येऊ द्यावी आणि मग चित्र आणावे, म्हणजे पाहणारा आपोआप कान देतो.

या घरघरीविषयी एक सावधगिरी बाळगावी लागते. आवाज स्वच्छ करणारी साधने एकसारखा चालणारा आवाज गोंगाट समजून काढून टाकतात. पंख्याच्या आवाजासाठी ते ठीक आहे. परंतु जात्याची घरघरही त्यासोबत जाते आणि ओवी पोरकी होते! गुलाबाच्या पाकळ्या पाडणारी आणि अक्षरे गरगर फिरविणारी साधने तर अशा चित्रफितीपासून दूरच ठेवलेली बरी. गाण्याचे शब्द मात्र पडद्याच्या तळाशी अवश्य द्यावेत. गोरमाटी बोलीतील गीत असेल तर मूळ शब्द आणि त्यांचा मराठी अर्थ असे दोन्ही द्यावेत, आणि ते लिहिताना तांड्यावरील जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावेत.

ओव्यांतून स्त्रिया सासर-माहेरचे पुष्कळ काही बोलून जातात. जात्यावर पहाटे दोघीतिघींत गायिलेली ओवी चौकातील पडद्यावर किंवा अनोळखी हजारो लोकांच्या हातात जाणे ही वेगळी गोष्ट आहे. म्हणून संकलित चित्रफीत सर्वप्रथम गाणाऱ्या स्त्रीला दाखवावी. तिने एखादी ओवी काढावयास सांगितली तर ती काढावी, कारण विचारीत बसू नये. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलावंताच्या सादरीकरणाला हक्क मिळाला आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या सादरीकरणाबरोबर आपले नाव यावे हा हक्कही त्याला दिला आहे. ओवी गाणारी आजीसुद्धा या अर्थाने कलावंतच आहे. चित्रफितीच्या शेवटी शाळेतील सर्व पदाधिकाऱ्यांची नावे झळकतात आणि गायिकेच्या जागी 'गावातील महिला' एवढेच येते, हा प्रकार बंद झाला पाहिजे. लहान मुलांचे चेहरे सार्वजनिक माध्यमांवर टाकण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी, हे शिक्षकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

या कामी ग्रामपंचायतींनी काय करावे? खर्च फारसा नाही. शाळेने मूळ चित्रण आणि मूळ ध्वनिमुद्रण यांच्या दोन प्रती कराव्यात. एक शाळेत ठेवावी, दुसरी ग्रामपंचायतीत किंवा सार्वजनिक ग्रंथालयात. दोन्ही एकाच कपाटात ठेवल्या तर दोन प्रती करण्याचा हेतूच राहत नाही. साठवणीची साधने कालांतराने बिघडतात, म्हणून वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळी सुटीपूर्वी, ती चालू करून पाहावीत आणि चार-पाच वर्षांनी नव्या साधनावर उतरवून घ्यावीत. संकलित चित्रफीत ग्रामसभेच्या दिवशी दाखवावी. तोडणीचा हंगाम संपून मंडळी गावी परतल्यावर, एप्रिल-मे मध्ये, ती पुन्हा दाखवावी, म्हणजे फडावर गेलेल्यांनाही आपली मुले पाहता येतील.

एक साधी नोंदवहीही ठेवावी. तीत गाणाऱ्या व्यक्तीचे नाव, गाव किंवा तांडा, बोली, गाण्याचा प्रकार, ध्वनिमुद्रणाची तारीख, चित्रीकरण करणाऱ्या व संकलन करणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे, गायिकेने कोणती ओवी जाहीर करू नये असे सांगितले, आणि मूळ प्रती कोठे ठेवल्या आहेत, एवढे रकाने असले की पुरे. ही वही मुख्याध्यापकांनी बदलीच्या वेळी इतर दप्तराबरोबर नव्या मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करावी आणि तशी पोच घ्यावी.